विंचसाठी कप्पी घेताय? नवीन लोकांनी काय घ्यायचं, काय बघून घ्यायचं आणि कसं लावायचं

जून लागला की दरवर्षी तेच होतं. नवीन थार नाहीतर जिम्नी घेतलेली असते, पुढे विंच (मोटरवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) बसवून घेतलेला असतो, आणि पहिल्या दणक्या पावसानंतर कुणीतरी मुळशीकडे नाहीतर मावळात भाताच्या खाचराशेजारच्या वाटेवर बोनेटपर्यंत रुतून बसलेलं असतं. विंच आहे पण गाडी हलत नाही, मोटर घों घों करून गरम होते, बॅटरी बसायला आलेली असते आणि तेव्हा कुणीतरी म्हणतं की अरे कप्पी आहे का कुणाकडे. मग शोधाशोध होते, आणि मिळते ती कुठल्या तरी बांधकामावरून आणलेली सिमेंटच्या घमेल्याची कप्पी. ती प्लीज लावू नका, ती त्या कामाची नाही. मी गेली काही वर्षं मित्रांच्या गाड्या काढायला जातोय, त्यात जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय, कारण विंच घेताना दुकानदार विंच विकतो, कप्पीबद्दल कुणी नीट सांगत नाही, आणि चुकीची कप्पी ही कप्पी नसण्यापेक्षा जास्त धोक्याची आहे.

आधी कप्पी करते काय ते समजून घ्या

विहिरीवरची कप्पी सगळ्यांनी बघितलेली आहे. बादली जेवढ्या वजनाची तेवढाच जोर तुम्हाला लावावा लागतो, फक्त वर ओढण्याऐवजी खाली ओढता येतं, एवढाच फायदा. म्हणजे जागेवर पक्की बांधलेली कप्पी ताकद वाढवत नाही, दिशा बदलते. ताकद कधी वाढते, तर जी वस्तू ओढायचीय तिला ओढणारा दोर दुहेरी होतो तेव्हा. दोराच्या दोन्ही बाजू मिळून ओढतात म्हणून जोर दुप्पट, आणि त्याच्या बदल्यात वेग निम्मा.

आता गाडीवर हे कसं येतं बघा. तुमचीच गाडी रुतली, समोर झाड आहे, तुम्ही दोर काढला, झाडाला लावलेल्या कप्पीतून फिरवला आणि टोक परत आणून आपल्याच गाडीच्या रिकव्हरी पॉइंटला (ओढण्यासाठी चेसिसवर बसवलेल्या पक्क्या कडीला) लावलं, तर गाडीला दुप्पट जोर मिळतो. पण तीच कप्पी त्याच झाडाला, आणि दोराचं टोक मित्राच्या रुतलेल्या गाडीला लावलं, तर मित्राच्या गाडीला एकपटच जोर मिळतो, नुसती दिशा बदलली. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, झाड, कप्पी, दोर. म्हणून नवीन लोक फसतात, त्यांना वाटतं कप्पी लावली म्हणजे डबल झालं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: दोराच्या दोन्ही बाजू जवळजवळ समांतर असतील तर दोन्ही वेळेला झाडावर येणारा भार मात्र दुप्पटच असतो. म्हणजे कप्पी, कप्पी अडकवलेला शॅकल (पिन लावून बंद होणारी कडी), झाडाभोवती घालायचा पट्टा, या तिघांवर विंचच्या जोराच्या दुप्पट ताण येतो. दोरावर एकपट, कप्पीवर दोनपट. बाकी सगळी निवड इथूनच सुरू होते.

पायरी १: आपल्या विंचचा खरा जोर किती ते काढा

विंचवर आकडा पौंडात लिहिलेला असतो. आपल्याकडे थार, गुरखा, जुन्या जिप्सी यांच्यावर जास्त करून ९५०० पौंडाचा दिसतो, म्हणजे साधारण ४.३ टन. हा आकडा ड्रमवर (ज्या रिळावर दोर गुंडाळतो त्यावर) दोराचा पहिलाच थर असतानाचा आहे, म्हणजे जवळजवळ सगळा दोर बाहेर काढलेला असताना. ड्रमवर एकावर एक थर चढले की ड्रम जाड होतो आणि जोर कमी होतो, एकेका थराला साधारण १२ ते १५ टक्के. चौथ्या थरावर तुमचा ४.३ टनाचा विंच २.८ टनाच्या आसपास ओढत असतो. आपण करतो काय, झाड जवळ असलं की खूश होतो, पाच मीटर दोर काढतो आणि लावतो. तिथेच विंच सगळ्यात कमजोर असतो!

आता गाडीचं गणित. थार मोकळी पावणेदोन टनाच्या आसपास, माणसं आणि सामान धरून सव्वादोन टन धरा. रुतलेल्या गाडीला काढायला किती जोर लागेल याचा लष्कराच्या रिकव्हरीत वापरला जाणारा एक ठोकताळा आहे: चाकं बुडालेली असतील तर गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत असेल तर वजनाच्या दुप्पट, आणि केबिनपर्यंत गेली असेल तर तिप्पट. त्यात चढ असेल तर त्याचा वेगळा, १५ अंशाच्या चढाला वजनाच्या पावपट, ३० अंशाला अर्धा. म्हणजे मडगार्डपर्यंत रुतलेली भरलेली थार, समोर थोडा चढ, तर हिशोब पाच टनाच्या पुढे जातो. २.८ टनाचा विंच काय करणार? तो अडकतो, पूर्ण लोडला ४०० अँपिअरच्या आसपास करंट खातो, केबल गरम होतात, बॅटरी झोपते.

तिथे कप्पी लावली तर दोन फायदे एकदम होतात आणि दुसरा फायदा लोक विसरतात. झाड १२ मीटरवर असेल तर जाऊन येऊन २४ मीटर दोर बाहेर येतो, म्हणजे ड्रम जवळपास रिकामा होऊन विंच खालच्या थरावर येतो, त्याचा स्वतःचाच जोर वाढतो, आणि वर कप्पीचे दुप्पट. घर्षणात थोडं जातं, चांगल्या कप्पीत ५ ते १० टक्के, म्हणून दुप्पट न धरता १.९ पट धरा. पाच टन काढायला विंचला आता अडीच-पावणेतीन टनच ओढायचं आहे आणि तेही सगळ्यात ताकदीच्या थरावर. मोटर आरामात चालते, हळू चालते, आणि हळू चालणं हे रिकव्हरीत चांगलंच असतं.

(हे सगळं करायच्या आधी फावडं. खरंच सांगतो, दहा मिनिटं चाकांसमोरचा चिखल उपसला, डिफच्या (ॲक्सलच्या मधल्या गियरच्या गोळ्याच्या) खालचा गाळ काढला, चिखलाची पकड मोडली, की अर्ध्या वेळेला कप्पीची गरजच लागत नाही. फावडं ३०० रुपयांना येतं आणि ते विंचच्या आधी घ्या.)

पायरी २: दोर कुठला आहे त्यावरून कप्पीचा प्रकार ठरवा

बाजारात दोन प्रकार आहेत आणि लोक विचारत राहतात कुठला चांगला. प्रश्न तसा नाहीये, तुमच्या विंचवर दोर कुठला आहे ते बघा.

स्टीलची वायर रोप असेल तर स्नॅच ब्लॉकच घ्यायचा, दुसरा पर्याय नाही. स्नॅच ब्लॉक म्हणजे मध्ये खाच असलेलं चाक आणि दोन्ही बाजूंना जाड लोखंडी पट्ट्या, पट्टी बाजूला फिरवून मधूनच दोर आत बसवता येतो, टोकापासून ओवत बसायला नको. वजन तीन ते पाच किलो. जड आहे पण दणकट आहे, चिखल लागला तरी चालतं, वरच्या निपलमधून ग्रीस मारलं की वर्षानुवर्षं टिकतो.

सिंथेटिक दोर असेल तर रिकव्हरी रिंग घेता येते. ही ॲल्युमिनियमची जाड बांगडी, बाहेरच्या कडेला दोरासाठी खोल खाच आणि मधल्या भोकातून सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोराचाच विणलेला शॅकल, जातो. तो सॉफ्ट शॅकलच झाडाच्या पट्ट्याला अडकतो. बेअरिंग नाही, पिन नाही, लोखंड नाही, वजन किलोभर नाहीतर त्याहून कमी. आणि हलकी असण्याचा अर्थ फक्त पाठीला त्रास कमी एवढाच नाही. काही तुटलं तर हवेत उडणारी चार किलोची लोखंडी वस्तू तिथे नसते. मला स्वतःला सिंथेटिक दोर आणि रिंग हीच जोडी आवडते, नवीन माणसाला मी हीच सुचवतो, पण तिच्या अटी आहेत.

पहिली अट, वायर रोप रिंगवर कधीही, एकदाही लावायची नाही. स्टीलची वायर ॲल्युमिनियमला खरवडते, कडा उभ्या राहतात, आणि पुढच्या वेळी त्याच कडा तुमचा सिंथेटिक दोर नाहीतर सॉफ्ट शॅकल कापतात. म्हणून मित्राची वायर रोप असेल तर त्याला रिंग उसनी देऊ नका, मैत्री टिकेल. दुसरी, रिंगमध्ये घर्षण जास्त असतं कारण ती सॉफ्ट शॅकलवर घासत फिरते, बेअरिंगवर नाही. चांगल्या ब्लॉकएवढे १.९ पट नाही मिळत, थोडं कमी धरा. तिसरी, वाळू आणि चिखल. भोकात वाळू गेली की प्रत्येक फेरीला सॉफ्ट शॅकल पॉलिश पेपरवर घासल्यासारखा घासला जातो. कोकणात समुद्रकिनाऱ्यावर गाडी काढत असाल तर रिंग आणि शॅकल लावायच्या आधी पाण्याने धुवा आणि शॅकलवर जाडसर कव्हर असलेलाच वापरा.

सिंथेटिक दोराबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, हा दोर ज्या प्लास्टिकच्या धाग्याचा असतो तो १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि त्याच्या खूप आधी, ७० अंशाच्या पुढेच, नरम पडायला लागतो. त्यामुळे अडकलेल्या, न फिरणाऱ्या कप्पीवरून दोर घासत ओढला तर दोर तिथे चकाकलेला आणि कडक झालेला दिसतो. असा भाग हाताला लागला तर तो कापून नवीन डोळा (टोकाचा गोल फासा) विणून घ्यायचा, पुढच्या वेळेला बघू म्हणायचं नाही.

पायरी ३: आकडा वाचायला शिका

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, कधी मुद्दाम कधी अज्ञानाने. कप्पीवर '१० टन' लिहिलेलं असतं. दहा टन काय? सुरक्षित काम करायचा भार दहा टन, की दहा टनाला तुटते? दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. शॅकलवर जो आकडा ठोकलेला असतो तो जनरली कामाचा भार असतो आणि तो तुटतो त्याच्या पाच-सहापट भाराला. १९ मिलिमीटरचा म्हणजे पाऊण इंची बो शॅकल, त्याच्यावर ४.७५ टन असतं, तो कामाचा भार. १६ मिलिमीटरवर ३.२५ टन, २२ वर ६.५ टन, २५ वर ८.५ टन. पण सॉफ्ट शॅकल, रिंग, पट्टे यांच्यावर बहुतेक वेळा तुटायचा आकडा लिहितात कारण तो मोठा दिसतो. मग माणूस ४.७५ टनाचा लोखंडी शॅकल आणि १४ टनाचा सॉफ्ट शॅकल शेजारी ठेवतो आणि म्हणतो सॉफ्ट शॅकल तिप्पट ताकदीचा आहे. नाहीये तसं.

माझा नियम साधा आहे. ४.३ टनाचा विंच असेल तर कप्पीवर जास्तीत जास्त ८.६ टन येऊ शकतात. म्हणून:

कप्पीच्या अंगावर कामाचा भार म्हणून निदान ८.६ टन ठोकलेला हवा, स्टिकर नाही, धातूत ठोकलेला. फक्त तुटायचाच आकडा दिला असेल तर तो विंचच्या आकड्याच्या निदान चौपट, म्हणजे १७ टनाच्या वर हवा. सॉफ्ट शॅकललाही तेच चौपट. विकणारा सांगू शकत नसेल की हा आकडा कुठला, तर सरळ पुढच्या दुकानात जा. कप्पीत लावायचा लोखंडी शॅकल शक्यतो ८.५ टनवाला घ्या, पण घ्यायच्या आधी त्याची पिन कप्पीच्या भोकात जाते का ते तिथेच घालून बघा, बऱ्याचदा जात नाही आणि हे घरी आल्यावर कळतं. जात नसेल तर ६.५ टनवाला. ३.२५ टनवाला कप्पीजवळ आणूही नका.

आठ-दहा जणांच्या ग्रुपमध्ये एकदा माझ्याच हातून हे झालंय. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली कप्पी, वर '८ टन' असा सुंदर पिवळा स्टिकर. ताम्हिणीच्या अलीकडे एका शेतातून मित्राची बोलेरो काढत होतो, दुहेरी दोर, सगळं नीट लावलेलं असं मला वाटत होतं. मध्येच टक्क असा आवाज आला, बाजूची पट्टी केळीच्या सालीसारखी वाकली, दोर चाकावरून सरकून चाक आणि पट्टीच्या फटीत गेला आणि तिथे कातर झाली. नशीब हे की सगळे लांब उभे होते आणि दोरावर ओलं पोतं टाकलेलं होतं. दोर जमिनीवर पडला, कुणाला लागलं नाही. नंतर ती पट्टी मोजली तर तीन मिलिमीटरचा पत्रा! घेतानाच बघायला हवं होतं. तेव्हापासून मी कप्पी हातात घेऊन तपासल्याशिवाय घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका.

पायरी ४: दुकानात काय तपासायचं

आपल्या दोराचा फूटभर तुकडा सोबत घेऊन जा. नसेल तर त्याच जाडीचा कुठलाही. तो चाकाच्या खाचेत ठेवा. दोर खाचेच्या तळाशी आरामात बसला पाहिजे, चिमटला जाऊ नये आणि लोळूही नये. खाच अरुंद असेल तर दोर पिळवटतो, फार रुंद असेल तर ताणाखाली चपटा होतो. मग तोच तुकडा चाक आणि बाजूच्या पट्टीच्या फटीत घालायचा प्रयत्न करा. गेला तर कप्पी परत ठेवा. स्टीलच्या दोरासाठी बनवलेल्या ब्लॉकमध्ये ही फट कधी कधी मोठी असते आणि सिंथेटिक दोर ढिला असताना मऊ असतो, तो बरोबर तिथेच शिरतो.

चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान आठ-दहापट हवा. दोर ९-१० मिलिमीटरचा असेल तर चाक ९०-१०० मिलिमीटरचं. लहान चाकावर दोर जास्त कडक वळतो आणि आतून थकतो, वायर रोपचे तर एकेक तार तुटायला लागतात आणि हातमोजे फाटतात.

चाक बोटाने फिरवा. खडखड न करता फिरलं पाहिजे, डावीउजवीकडे फार डुलायला नको. ग्रीसचं निपल आहे का बघा, नसेल तर आपल्या पावसात दोन सीझनमध्ये जाम होईल. पट्ट्या उघडून बंद करा, दोन्ही भोकं एका रेषेत येतात का बघा. रिंग असेल तर बोट आतल्या भोकातून आणि बाहेरच्या खाचेतून फिरवा, सावकाश, सगळीकडून. नख अडकेल अशी एकही कड नको.

ऑनलाइन घेत असाल तर हेच सगळं घरी आल्यावर करा आणि पसंत नसेल तर परत पाठवा, लाजू नका.

पायरी ५: कप्पीसोबत लागणारं बाकीचं सामान

एकटी कप्पी काही कामाची नाही. झाडाचा पट्टा लागतोच, ६० ते ७५ मिलिमीटर रुंद, अडीच-तीन मीटर लांब, न ताणला जाणारा. रिकव्हरीचा जो ताणणारा कायनेटिक दोर असतो तो इथे वापरायचा नाही, त्यात ऊर्जा साठते आणि विंचला ते नको असतं. पट्टा झाडाभोवती यू आकारात घालायचा आणि दोन्ही डोळे एकाच शॅकलमध्ये. एका डोळ्यातून दुसरा ओवून फास करू नका, त्यात पट्ट्याची ताकद जाते आणि झाडाची सालही. यू आकारात दोन्ही बाजू भार वाटून घेतात म्हणून सरळ ताकदीच्या जवळपास दुप्पट मिळते, त्यामुळे सरळ १०-१२ टनाला तुटणारा पट्टा इथे चालतो. पण खोड फार जाड आणि पट्टा आखूड असेल तर यू चा व्ही होतो, दोन बाजूंमधला कोन मोठा होतो आणि फायदा संपतो. म्हणून लांब पट्टा घ्या.

एक्सटेन्शन दोर नाहीतर पट्टा, १०-१५ मीटरचा. विंचवर २५-३० मीटर दोर असतो, दुहेरी केला की झाड १२-१३ मीटरच्या आत लागतं आणि माळरानावर ते कधीच नसतं. एक्सटेन्शन लावायचं ते झाड आणि कप्पीच्या मध्ये, विंचच्या दोराला जोडून नाही. जोड कप्पीतून जात नाही, अडकतो आणि मग भारी पंचाईत. आणि हो, एक्सटेन्शनवरही दुप्पट भार येतो हे विसरू नका, ते कप्पीच्या मागे आहे.

बाकी जाड चामड्याचे हातमोजे, दोरावर टाकायला डँपर, म्हणजे दोर तुटला तर उसळू नये म्हणून टाकायचं वजन. डँपर नसेल तर ओलं पोतं, ओलं ब्लँकेट, काहीही जड आणि मऊ. दुहेरी दोराला दोन लागतात, एकेका बाजूला एक. दोन कप्प्या लावून तिहेरी दोरही करता येतो, पण पहिल्या सीझनला त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यात गाडीच्या पॉइंटवर येणारा भार मोजायची सवय आधी व्हायला पाहिजे.

पायरी ६: लावायचं कसं

झाड बघा. जिवंत, सरळ, निदान फूटभर जाडीचं. आंबा, जांभूळ, वड असलं काहीतरी. शेवगा, गुलमोहर नको, लाकूड ठिसूळ असतं. पावसात मुळाशी जमीन खचलेली असेल, बांधाच्या अगदी कडेला असेल, तर तेही नको. विजेचा खांब, कुंपणाचा दगड, मैलाचा दगड यांना कधीच नाही. आणि झाड शेतकऱ्याचं आहे, आधी विचारा, बहुतेक वेळा तो स्वतः येऊन मदत करतो आणि जमीन कुठे घट्ट आहे हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. पट्टा खोडाच्या तळाशी लावा, वर लावला की झाडाला उपटायला तरफ मिळते.

विंचचा क्लच सोडून हाताने दोर ओढा, कप्पीपर्यंत न्या, पट्टी उघडून दोर बसवा, शॅकल पट्टी बंद ठेवतो म्हणून शॅकल घातल्याशिवाय ताण देऊ नका. शॅकलची पिन पूर्ण आवळून मग पाव फेरा उलटा, नाहीतर ताणाखाली अशी बसते की पान्याने पण निघत नाही. दोराचं टोक आपल्या गाडीच्या चेसिसला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटला. बंपरमध्ये फिरवून बसवायचा तो छोटा टोईंगचा डोळा या कामाचा नाही, तो सपाट रस्त्यावर बंद गाडी न्यायला दिलेला असतो. टो बॉलला तर कधीच लावू नका, तो तुटला की तोफगोळाच होतो आणि त्याने जगभर माणसं मेलेली आहेत.

ड्रमवर वेढे शिल्लक ठेवा, वायर रोपचे निदान पाच, सिंथेटिकचे आठ-दहा. दोराचं ड्रमवरचं टोक भार घेण्यासाठी नसतंच, वेढ्यांचं घर्षण भार घेतं.

आता थोडासा ताण द्या आणि थांबा. रिंग असेल तर ढिला दोर खाचेतून बाहेर पडायला बघतो, तो ताण येईपर्यंत कुणीतरी खाचेत धरून ठेवावा आणि ताण यायला लागला की हात काढून लांब जावं. मग सगळीकडे एकदा चालत जाऊन बघा: दोर खाचेत आहे, कप्पी पिळलेली नाही, शॅकल आडवा झालेला नाही, पट्टा सरळ आहे. मगच पुढे.

माणसं कुठे उभी राहतात हे कप्पी असताना जास्त महत्त्वाचं होतं. साध्या एकेरी दोरात धोका दोराच्या रेषेत असतो. कप्पीत दोर वळतो, आणि वळणाच्या आतली जी व्ही सारखी जागा तयार होते ती सगळ्यात वाईट. झाड, पट्टा नाहीतर शॅकल सुटला तर दोर, कप्पीसकट, बरोबर त्या आतल्या बाजूला येतो. त्या व्ही मध्ये कुणीही नाही, फोटो काढायलाही नाही, लहान मुलं तर गाडीत सुद्धा नाही, लांब. बाहेरच्या बाजूला, आणि जेवढा दोर ताणलेला आहे त्याच्या दीडपट अंतरावर.

दिशा बदलायची असेल तेव्हा

घाटात वळणावर गाडी बाजूला उतरलेली असते, तुमची विंचवाली गाडी रस्त्यावर सरळ उभी करायची जागा नसते, तेव्हा कप्पी नुसती कोपरा फिरवायला वापरतात. यात ताकद वाढत नाही हे वर सांगितलंय. झाडावरचा भार कोनावर अवलंबून असतो. दोराच्या दोन्ही बाजू जवळजवळ समांतर असतील तर दुप्पट. दोघांत काटकोन असेल तर विंचच्या जोराच्या १.४ पट. १२० अंश असेल तर एकपट. १५० अंश, म्हणजे दोर जेमतेम वळतोय, तर निम्माच. म्हणून झाड जरा कमजोर वाटत असेल तर असं झाड निवडा जिथे दोर कमी वळेल.

दुसऱ्याची गाडी दुप्पट जोराने काढायची असेल तर कप्पी त्या रुतलेल्या गाडीला लावावी लागते आणि दोराचं टोक तुमच्या बाजूला परत आणायचं. इथे दोन गोष्टी बघा. एक, त्या गाडीच्या पॉइंटवर दुप्पट भार येणार, त्यामुळे तिचा पॉइंट पक्का नसेल तर हा प्रकार करूच नका. दोन, टोक तुम्ही आपल्याच गाडीला बांधलंत तर तुमच्या गाडीवरही दुप्पट ओढ येते आणि ओल्या गवतावर तीच घसरत त्या खड्ड्याकडे जायला लागते. त्यापेक्षा टोक तुमच्या शेजारच्या झाडाला बांधा, मग तुमच्या गाडीवर एकपटच येतं, उरलेलं झाड घेतं. तरीही चाकांना दगड लावा आणि शक्य असेल तर मागून तुमची गाडी अजून एका झाडाला बांधून ठेवा.

काम झाल्यावर

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं धुवा, त्याच आठवड्यात, पावसाळा संपल्यावर नाही. लाल मातीचा चिखल वाळला की सिंथेटिक दोराच्या पिळात बारीक कण राहतात आणि आतून कापत राहतात. बादलीत साध्या पाण्यात बुडवून ठेवा, हलवा, सावलीत वाळवा. ब्लॉकमध्ये ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. चाक एकदा फिरवून बघा, पट्ट्या समांतर आहेत का बघा, एखादी जरी वाकल्यासारखी वाटली तर ठोकून सरळ करून वापरू नका. सॉफ्ट शॅकल उघडून गाठीजवळ आणि रिंगच्या भोकात जो भाग येतो तिथे बोटं फिरवा, केसाळ झाला असेल तर बाद करा आणि कापून टाका, नाहीतर पुढच्या ट्रिपला घाईत कुणीतरी तोच उचलतं.

आणि पहिली कप्पी घेतली की ती डिक्कीत टाकून विसरू नका. एखाद्या रविवारी कोरड्या मोकळ्या मैदानात दोन गाड्या घेऊन जा, एका गाडीचा हँडब्रेक थोडा लावून तिला ओढून बघा, एकेरी, मग दुहेरी, दोराची लांबी मोजा, झाड किती लांब चालतं ते बघा, सगळ्या पिना कुठे बसतात ते हाताला कळू दे. अंधारात, पावसात, गुडघाभर चिखलात पहिल्यांदा पट्टी कुठल्या बाजूला उघडते ते शोधत बसणं फार वाईट असतं. कुणाला घेण्याआधी आकडे तपासून हवे असतील तर कप्पीवर ठोकलेल्या मजकुराचा आणि विंचच्या प्लेटचा फोटो टाका, मी बघून सांगतो.